लेखकामागे राहिलेल्या जोडीदाराने काय सांभाळावं

लेखक गेल्यावर पंधरवड्यातच घरी माणसं येऊ लागतात. कुणाला स्मृतिअंकासाठी फोटो हवे असतात, कुणाला अप्रकाशित कथा, कुणाला पीएचडीसाठी पत्रं. बहुतेक जण प्रेमापोटीच मागतात, आणि कागद गहाळ होतात ते याच प्रेमात. म्हणून पहिलं वर्षभर मूळ कागद उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. झेरॉक्स द्या, आणि कोणी, काय, कधी नेलं ते वहीत लिहून ठेवा.

मग हक्क कोणाकडे आले ते पाहा. मृत्युपत्रात अप्रकाशित हस्तलिखित कुणाला दिलं असेल आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्याचा कॉपीराइटही त्याच माणसाकडे जातो. ‘बाड भाच्याला द्यावं’ ही साधी ओळसुद्धा महागात पडू शकते. मृत्युपत्रच नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने पुरुष लेखकाची पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई असे सगळे समान वाटेकरी. एकट्या पत्नीने दिलेली परवानगी मग नंतर अडते. सगळ्यांनी मिळून एकाला मुखत्यारपत्र द्यावं आणि त्यात करार करण्याचा अधिकार स्पष्ट लिहावा.

हक्क किती काळ टिकतो? लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. पु. ल. देशपांडे जून २००० मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत. त्यांच्या पत्नी सुनीताबाई २००९ मध्ये गेल्या; त्यांच्यामागेही हक्काची ५१ वर्षं उरलीच. त्यामुळे मागे राहिलेल्या जोडीदाराने स्वतःचं मृत्युपत्रही लवकर करावं, त्यात पुस्तकांचा उल्लेख नावानिशी करावा. लेखकाच्या पश्चात प्रथमच छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात.

खरा घोटाळा करारात होतो. ‘सर्व हक्क कायमचे, एकरकमी’ अशा मजकुरावर सही करू नका. मालकी न विकता परवाना द्या: एक पुस्तक, एक भाषा, एक माध्यम, ठरावीक वर्षं. हक्क लेखी हस्तांतरित केला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ती ५ वर्षांची मानतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ऑडिओबुक, ई-बुक, मालिका यांचे करार वेगवेगळे हवेत. नाटक असेल तर मानधन प्रत्येक प्रयोगाचं ठरवा, आणि संहितेत बदल करायचा असल्यास आधी लेखी विचारावं, ही अटही घाला.

प्रकाशकाकडून दरवर्षी हिशेब मागा: सुरुवातीचा साठा, छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या आणि शिल्लक प्रती. नुसती रॉयल्टीची रक्कम कळवली तर ती पडताळता येत नाही. लेखकाला रॉयल्टीवर मिळणारी आयकर वजावट वारसाला मिळत नाही, हे विवरणपत्र भरताना ध्यानात ठेवा.

कागदांचं काम कोरड्या दिवसांत काढा. गंजणाऱ्या टाचण्या आणि स्टेपल काढून टाका. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. खोडाखोड असलेली पानं रंगीतच स्कॅन करा, निदान ३०० डीपीआय इतक्या स्पष्टतेवर, आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा. बाडांचा क्रम बदलू नका. कोणता खर्डा आधीचा, ते त्या क्रमावरूनच कळतं. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरते आणि पाठोपाठ कसर लागते.

पत्रांच्या बाबतीत मात्र जपून. लेखकाला आलेल्या पत्रांचा कागद तुमचा, मजकुराचा हक्क पाठवणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. छापायची तर त्यांना विचारावं लागतं. लेखकाने इतरांना लिहिलेल्या पत्रांचा हक्क वारसांकडे असतो, कागद मात्र परक्या घरात. ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांच्याकडून आताच स्कॅन मागून घ्या.