मानववंशशास्त्र घेऊन कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं कॉलेज) करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसी) जायचं ठरवलं, तर मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याचं घोडं अनेकदा एका युनिटावर (श्रेयांकावर) अडतं. ते युनिट लॅबचं.

जैविक मानववंशशास्त्राचं व्याख्यान बऱ्याच कॉलेजांत 3 युनिटांचं असतं आणि लॅब 1 युनिटाची, वेगळ्या क्रमांकाखाली. नावं जवळजवळ सारखीच, त्यामुळे लॅब राहून जाते. कॅल-गेटसीत (विद्यापीठात जाण्यासाठी लागणाऱ्या सामान्य विषयांचा आराखडा, 2025 च्या फॉल सत्रापासून जुन्या आयगेटसीच्या जागी आलेला) व्याख्यान 5बी या जीवशास्त्राच्या रकान्यात मोजतात, लॅब 5सी या प्रयोगशाळेच्या रकान्यात. कवट्यांच्या प्रतिकृती कॅलिपरने मोजणं, दाढेवरच्या उंचवट्यांवरून माकड आणि एप वेगळे ओळखणं हे काम 5सीचं. व्याख्यानात ए मिळाला तरी तो रकाना रिकामाच राहतो. राहिलंच असेल तर पुढच्या सत्रात त्याच व्याख्यानाची लॅब घ्या. भलत्याच विषयाची सुटी लॅब चालत नाही.

दुसरी चूक गैरसमजातून होते. एए-टी (कम्युनिटी कॉलेजची, पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची पदवी) मिळाली की जागा पक्की, असं मुलं धरून चालतात. ती हमी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत कुठेतरी जागा मिळण्याची आहे, यूसीची नाही. यूसीत हमी हवी असेल तर 'टॅग' (प्रवेशाच्या हमीचा अर्ज) वेगळा भरावा लागतो, 1 ते 30 सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पससाठी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो टॅग देतच नाहीत.

कॉलेजचे कोणते विषय कोणत्या विद्यापीठात चालतात याचे करार असिस्ट या संकेतस्थळावर दिसतात. तिथे तुमचं कॉलेज, विद्यापीठ, विषय आणि वर्ष अशा चारही गोष्टी नीट निवडा. मैत्रिणीच्या कॉलेजचा करार तुम्हाला लागू होत नाही. समोर 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं तर घाबरू नका, तुमच्या कॉलेजात त्याला समतुल्य विषय नाही एवढाच त्याचा अर्थ.

युनिटांचा हिशेबही तपासा. हवीत 60 सेमिस्टर युनिटं, पण डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात तीच 90 होतात. किमान जीपीए रहिवाशांना 2.4, बाहेरच्यांना 2.8. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांनी साधारणपणे दुसरा आकडा धरावा.

अर्ज गेल्यावर एखादा विषय सोडलात तर जानेवारीतल्या अपडेटमध्ये तो कळवा. न कळवल्यास मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. आणि कॅल-गेटसीचं प्रमाणपत्र आपोआप जाईल असं धरू नका. शेवटच्या सत्राचे गुण लागले की कॉलेजकडे त्याची मागणी स्वतः नोंदवा.