फूड ट्रक टाकताय? ठाणे-नवी मुंबईत या चुका टाळा

माझ्या चुलत भावाने सेकंडहँड छोटा हाथी घेऊन त्याचा फूड ट्रक केला, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं टापटीप, आणि आठवडा होतो न होतो तोच संध्याकाळी ऐन गर्दीत पालिकेच्या अतिक्रमणवाल्यांची गाडी समोर येऊन उभी. तव्यावर बटर वितळतंय, हा एका हाताने आरसी दाखवतोय, आणि साहेब शांतपणे म्हणाले, हे गाडीचं झालं, जागेचं काय?

बहुतेक जण इथेच गंडतात. चाकं आहेत म्हणजे गाडीचे कागद पुरतात असं वाटतं, पण रस्त्यावर उभं राहून विकलंत की तुम्ही कायद्याच्या भाषेत पथविक्रेते, आणि त्याला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे विक्री प्रमाणपत्र लागतं. ते देताना हमी घेतात की धंदा मी स्वतः किंवा घरचा माणूस करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र कोणाला भाड्याने देणार नाही. आता बघा, ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी, साइड इन्कम म्हणून ट्रक आणि वर दोन पोरं पगारावर, हे त्यात बसतच नाही ना! मग लोक काय करतात, कुणा जुन्या फेरीवाल्याचं लायसन महिन्याच्या भाड्यावर घेतात. अजिबात करू नका. अट मोडली म्हणून प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, म्हणजे तुमचा धंदा गेला आणि त्या बिचाऱ्याची रोजीरोटीपण.

गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) आहे, एफएसएसएआयचा म्हणजे खाद्यपदार्थांच्या लायसनचा १४ आकडी नंबर आहे, फेरीवाल्यांसाठीचं स्वनिधीचं लोन पण पास झालं, मग अडचण काय, असंही विचारतात. अहो, यातला एकही कागद रस्त्यावर उभं राहायची परवानगी देत नाही. एफएसएसएआय तर लागतंच, पण ते खाण्याचं, जागेचं नाही. पालिकेची रोजची पावती फाडली म्हणजे हक्क मिळाला असंही नाही, आणि पे अँड पार्कची पावती तर फक्त पार्किंगची.

प्रमाणपत्राचा अर्ज चुकीच्या ऑफिसात देणं ही पण नेहमीची गंमत. विटावा ठाण्यात, दिघा नवी मुंबईत. बेलापूर नवी मुंबई महापालिकेत, पण खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत. महापे-रबाळेला एमआयडीसीचा पण संबंध येतो. आधी रस्ता नेमका कोणाचा ते विचारा, मग झेरॉक्स काढा.

स्टेशनबाहेरची जागा डोक्यातून काढाच. मुंबईच्या फेरीवाल्यांच्या केसमध्ये २०१७ ला हायकोर्टाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, हॉस्पिटल, देवळांपासून १०० मीटरच्या आत बंदी सांगितली, शिवाय रस्त्यावर शिजवायलाही मनाई. जागा बघताना हे धरूनच चला.

आता गाडीचं. भावाच्या फॅब्रिकेटरने कुठल्यातरी परदेशी व्हिडिओत बघून खिडकी उजव्या बाजूला कापली. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, फुटपाथ त्या बाजूला. आपल्याकडे गिऱ्हाईक थेट ट्रॅफिकमध्ये उभं! परत पत्रा कापा, परत खर्च. खिडकी डावीकडेच घ्या, आणि बॉडी बदलण्याआधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर अपघात झाला की इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. घरचा लाल १४.२ किलोचा सिलेंडर तर ठेवूच नका, धंद्याला कमर्शियलच.

माल उचललाच तर भांडत बसू नका, जप्त मालाची यादी मागा, ती देणं कायद्यात आहे. क्लेम केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत सोडायचा असतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दंड भरलात तर त्याची पावती जपून ठेवा.

प्रमाणपत्राच्या अटींत बसत नसाल तर सरळ खाजगी जागा बघा, सोसायटी, कंपनीचं आवार, लग्नाचा हॉल. मालकाचं लेखी एनओसी घ्या, तोंडी हो म्हटलेलं सिक्युरिटी बदलली की संपतं. एफएसएसएआय तिथेही लागतंच. भाऊ आता महापेला एका कंपनीच्या गेटच्या आत उभा राहतो, शनिवार-रविवार धंदा शून्य, पण बाकीचे पाच दिवस पाव दुपारी दोनलाच संपतात.