भाजलं की आधी पाणी, बाकी सगळं नंतर

होळी उलटली की खान्देशातल्या अंगणांत मोठाली पातेली चढतात. बिबड्यांसाठी (ज्वारीच्या पापडांसाठी) शिजवलेला ज्वारीचा घाटा, कुरडयांसाठी गव्हाचा चीक, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खापरावरच्या पुरणपोळ्या. थंडीत शेतात भरताचा जाळ पेटतो तो वेगळाच. हात-पाय पोळायला वर्षभर निमित्त असतं. आणि कुणी भाजलं की घरात सगळ्यात आधी शोधाशोध होते ती टूथपेस्टची. खरं तर धावायचं असतं पाण्याकडे. कुठलं पाणी, किती वेळ आणि कसं, यातच बहुतेक घरांत गडबड होते, म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिली 20 मिनिटं

पहिलं काम, माणसाला उष्णतेपासून बाजूला घ्या आणि चूल किंवा गॅस बंद करा.

दुसरं, अंगावर अडकलेलं सगळं काढा. बांगड्या, अंगठी, जोडवी, घड्याळ, बाळाचा करदोटा आणि वाळे. भाजलेला भाग थोड्याच वेळात सुजतो आणि मग अंगठी कापूनच काढावी लागते. गरम पाणी किंवा चहा सांडला असेल तर भिजलेले कपडे आणि लंगोट लगेच उतरवा, कारण ते कापड उष्णता धरून ठेवतं. कापड कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका. तेवढा भाग तसाच ठेवून भोवतीचं कात्रीनं कापा.

तिसरं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे गार वाहतं पाणी, सलग 20 मिनिटं, घड्याळ लावून. चटका देणारी वस्तू दूर झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत-आत पसरत राहते. ती पाण्यानं बाहेर काढायची असते. दोन मिनिटांत आग थांबल्यासारखी वाटते आणि लोक हात पुसून मोकळे होतात, तिथेच नुकसान होतं. भाजून तास-दोन तास झाले असले तरी पाणी घाला. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो.

आता आपल्याकडची खरी अडचण. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी नळातून चक्क गरम येतं. ते भाजलेल्या जागेवर सोडू नका. आधी माठातलं किंवा रांजणातलं पाणी तांब्यानं ओतायला घ्या. दुसऱ्या कुणी तोवर नळ सोडून गरम पाणी बादलीत काढावं आणि हाताला गार लागतंय का बघावं. बोअर किंवा हौदाचं पाणी असेल तर उत्तमच. दुसरी अडचण म्हणजे नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल, तर 20 मिनिटं पाणी वाहू द्यायला जीव धजत नाही. मग घमेलं खाली ठेवा, हात वर धरा, आणि तांब्यानं तेच पाणी पुन्हा पुन्हा ओता. कोमट झालं की बदला. घमेल्यात जमलेलं पाणी तुळशीला घालता येतं, त्यामुळे वाया जाण्याची काळजी सोडा.

बर्फ नको. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम उलट खोल जाते. तान्ह्या बाळाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या अंगाचा बराच भाग भाजला असेल तर भाजलेल्या जागेवर पाणी घाला, पण उरलेलं अंग गोधडीत गुंडाळून ठेवा. डिसेंबरात सातपुड्याच्या पायथ्याला हे विसरलात तर लेकरू गारठेल.

घाटा किंवा चीक अंगावर उडाला तर तो खरवडत बसू नका. चिकट पदार्थ पाण्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो आणि बोटानं ओढला की कातडीही घेऊन येतो. वरून पाणी ओतत राहा, तो आपसूक सैल होतो.

शेवटी स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैलसर टाका. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. हात किंवा पाय असेल तर नवी कोरी प्लॅस्टिकची पिशवीही चालते. दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल देता येतं, लहान मुलाला वजनाच्या हिशोबानं. फोड फोडू नका. त्याखालची जागा तोच झाकून ठेवतो.

काय लावायचं नाही

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, चुना, गेरू, कॉफी, अंड्याचा बलक, किसलेला बटाटा. शेजारपाजारचे दहा जण दहा उपाय सांगतात, आणि सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण तूप-तेल उष्णता आत कोंडतं, हळद आणि शाई जखमेचा रंगच झाकून टाकते, म्हणजे डॉक्टरला खोली कळत नाही. मग ते सगळं खरवडून धुवावं लागतं, आणि तेव्हाच्या कळा भाजण्यापेक्षा कमी नसतात.

रावेर-यावलकडे केळीचं पान हाताशी असतं, त्यामुळे तेही सुचवलं जातं. त्यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडच्या काही रुग्णालयांत केळीचं पान आणि बटाट्याची सालं ड्रेसिंग म्हणून वापरली गेली आहेत, कारण ती जखमेला चिकटत नाहीत. पण ती निर्जंतुक केलेली असतात. बागेतून तोडून आणलेल्या पानावर धूळ, फवारा आणि पाखरांची घाण असते. ते जेवायलाच ठेवा.

दवाखाना केव्हा गाठायचा

भाजलेल्या माणसाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. त्याहून मोठी जागा भाजली असेल तर डॉक्टरला दाखवा. चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, किंवा भाजलेला माणूस लहान मूल, म्हातारा, गरोदर बाई किंवा मधुमेही असेल, तर जागा लहान असली तरी जायचंच.

एक लक्षण फसवतं. जागा पांढरी, तपकिरी किंवा चामड्यासारखी दिसते आणि दुखत मात्र नाही. ‘दुखत नाही म्हणजे बरं आहे’ असं समजू नका. तिथले मज्जातंतूच जळालेले असतात. बंद खोलीतल्या धुरात अडकलेल्याचा आवाज घोगरा झाला, नाकातले केस करपले किंवा थुंकीत काजळी आली तर क्षणाचाही उशीर नको. आतून श्वासनलिका सुजते.

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरचा झटका बाहेरून दोन काळे ठिपके एवढाच दिसतो, आतलं नुकसान मात्र खोल असतं आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. आधी मेन स्विच बंद करा, मगच माणसाला हात लावा. तार तुटून पडली असेल तर जवळही जाऊ नका, वीज कंपनीला कळवा. ॲसिड अंगावर पडलं तर 20 मिनिटं पुरत नाहीत, पाणी बराच जास्त वेळ घालावं लागतं. कोरडा चुना मात्र आधी झटकायचा, मग पाणी.

108 ला फोन केला की रुग्णवाहिका फुकट येते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून मोठा दवाखाना लांब पडतो. माणूस शुद्धीत असेल आणि उलटी होत नसेल तर वाटेत ओआरएसचे घोट द्या, जेवण देऊ नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरला आठवणीनं विचारा. आणि ‘पोलिसांत नोंद होईल’ या भीतीनं घरीच ठेवण्याचा प्रकार अजून चालतो, तो बंद व्हायला हवा. नोंद ही दवाखान्याची रीत असते, ती उपचाराच्या आड येत नाही.

कपड्यांनी पेट घेतला तर

पळायचं नाही, वाऱ्यानं जाळ वाढतो. थांबा, जमिनीवर आडवे व्हा, तोंड हातांनी झाका आणि लोळा. दुसऱ्यानं घोंगडी, सतरंजी किंवा जाड सुती गोधडी टाकून जाळ दाबावा. नायलॉनचं काही नको, ते वितळून अंगाला चिकटतं. जाळ विझला की घोंगडी लगेच काढा, नाहीतर आतली धग तशीच राहते, आणि पाणी सुरू करा.

कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाणी कधीच टाकू नका. क्षणात वाफ होऊन जळतं तेल छतापर्यंत उडतं. गॅस बंद करा, झाकण सरकवत ठेवा, आणि कढई गार होईपर्यंत हलवू नका.

भाजूच नये म्हणून

बिबड्या-कुरडयांच्या दिवशी घरात बायका चार असतात आणि पोरं आठ. सांगून पोरं लांब राहत नाहीत. चौघींतली एक फक्त पोरांकडे बघायला ठेवा, तिला दुसरं काम देऊ नका. घाटा हाटायला लांब दांड्याचं लाकूड घ्या, पातेलं डुगडुगत असेल तर आधी चूल सारखी करा. उतरवताना दोघींनी धरायचं आणि फडकी कोरडी हवीत. ओल्या फडक्यातून धग लगेच हाताला लागते आणि दचकून पातेलं सुटतं. बिबड्या थापताना हात बुडवायचं पाणी कोमट झालं की बदला. सोऱ्यात गरम चीक काठोकाठ भरू नका. अडकला तर जोर लावू नका, उघडून बघा.

खापरासमोर बसताना सुती साडी नेसा, पदर कमरेला घट्ट खोचा. भरताच्या दिवशी वांगी जाळात टाकण्याआधी टोचून घ्या, नाहीतर फुटून गर उडतो. खाऊन झाल्यावर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) निखाऱ्यांवर माती लोटून निघून जायची सवय वाईट. मातीखाली निखारे तासन् तास धगधगत राहतात, वरून राख दिसते आणि पोर अनवाणी त्यावर पाय देतं. भरपूर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता.

आंघोळीच्या बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. 60 अंशाचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी खोलवर भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. बाळाला घालण्याआधी कोपर बुडवून बघा. मोटरसायकलवरून उतरताना डावीकडून उतरा. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो आणि पोटरीवरचा त्याचा डाग वर्षभर जात नाही.

गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांत ती बदलायची असते. वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही. रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या सताड उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून दार उघडणं खिडकीपेक्षा महत्त्वाचं. मग घराबाहेर जाऊन गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला, 1906 ला, फोन करा, तो दिवसरात्र चालू असतो.