घाटातला सिलॅजिनेला असा ओळखा

सिलॅजिनेला म्हणजे फुलं न येणारी, बीजाणूंवर वाढणारी नेच्याच्या जवळची छोटी वनस्पती. ओळखायला आधी भिंग घ्या. कोल्हापूरच्या गुजरीत सोनारकामाचं सामान मिळतं, तिथं दहा पटीचं घडीचं भिंग मागा. मोबाइलचा कॅमेरा त्याला टेकवला की फोटोपण झकास येतो.

कॉलेजच्या बॉटनी लॅबमध्ये मी स्लाइडी धुतो, पण पावसाळी सहलीला पोरं मलाच पुढं घालतात. कळे, साळवण करत गगनबावडा गाठायचा. जुलै ते सप्टेंबर हा काळ चांगला. मोज्यांना तंबाखू चोळा, नाहीतर जळवा सोडत नाहीत. दाजीपूरलाही जाता येईल, पण ते अभयारण्य; तिथं नुसतं बघायचं, तोडायचं काही नाही.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उन्हात शोधत बसू नका. झाडीखालची, पाणी झिरपणारी दरड बघा. तिथं चपटी, नेच्यासारखी हिरवी नक्षी दिसली की पोरं ओरडतात, "मामा, मॉस!" मॉस नव्हे. मॉसला बारीक काडीवर बोंडी येते. नेच्याचं कोवळं पान गुंडाळलेलं असतं, याचं नसतं.

आता फांदीवर भिंग धरा. पानांच्या चार ओळी असतात: कडेला दोन मोठ्या पानांच्या, वरच्या अंगाला दोन अगदी बारक्या. नुसत्या डोळ्यांना मोठ्याच दिसतात, म्हणून फसगत होते. फांदी फुटते तिथनं बिनपानाचा दोरा खाली मातीकडं जातो, टोकाला मुळं फुटतात. शेंड्याला चौकोनी कणीस दिसलं तर शंकाच नको.

जत्रेत 'संजीवनी' म्हणून पाण्यात उलगडणारा वाळका गोळा विकतात, तोही याच कुळातला, सिलॅजिनेला ब्रायोप्टेरिस. मुळासकट उपटलेला असतो. घेऊ नका.

अभयारण्याबाहेर, ओळखीच्यांच्या बांधावर भरपूर असेल, तर मालकाला विचारून पिकलेलं एकच कणीस खुडा. घरी पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी दोन प्रकारचे बीजाणू, म्हणजे बीसारखे बारीक कण, पडलेले दिसतील. मोठ्यांचे दाणे कणसातल्या एका बीजाणूच्या पिशवीत बहुधा चारच. बारीक म्हणजे नुसता धुरळा. बारक्यातून नर पेशी तयार होतात, मोठ्यातून अंडपेशी. पुस्तकातनं पाठ केलेलं इथं कागदावर दिसतं, म्हणून हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो.

रात्री पंखा तेवढा बंद ठेवा.