पानठेल्यावरचा दावा कसा तपासायचा

वाद पेटला की मोबाईल काढून शोधा, असा सल्ला हमखास मिळतो. काय शोधायचं तेच ठरलेलं नसेल तर सापडणार काय?

दावा मोबाईलवर आलेला असेल तर मजकूर कोणी पाठवला, कधीचा आहे, ते आधी बघून घ्या. फोटो जुना निघाला तर विषय तिथंच मिटतो.

खरं काम पुढं आहे: दावा तपासता येईल अशा एका वाक्यावर आणायचा. कापसाच्या हंगामात आमच्याकडे ऐकू येतंच, ‘हमीभाव कागदावरच हाये, कास्तकाराले काई भेटत नाई.’ यावर हो-नाही करत बसलात तर संध्याकाळ गेली. त्यापेक्षा विचारा, ‘काकाजी, कापूस कोनाले इकला? भाव काय भेटला? ओलावा किती निंगाला?’

आता आकडे कामाला येतात. 2025-26 च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाला 7710 होता. तोही ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर. त्यापुढं कपात, आणि 12 टक्क्यांवर सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं सरकारी कापूस महामंडळ, कापूस घेतच नाही. म्हणजे सीसीआयच्या खरेदी केंद्रावर कमी पैसे मिळाले तर आधी ओलावा बघावा लागतो. खेडा खरेदीत व्यापाऱ्याला दारातच विकला असेल, तर तो भाव सीसीआयचा नव्हेच.

पण एवढं कळलं म्हणून काकाजींना खोटं पाडायला निघू नका. कृषी केंद्राची, म्हणजे बी-खताच्या दुकानाची, उधारी डोक्यावर असताना सीसीआयकडे नंबर लागेपर्यंत कापूस घरात ठेवणं सगळ्यांना परवडत नाही, म्हणून तो व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. वाक्य सैल आहे, तक्रार खरी आहे. हे दोन वेगळे ठेवता येत नसतील तर या भानगडीत पडूच नका. आकडे तोंडावर फेकणाऱ्या हुशार पोरांची मला भारी चीड येते.

‘यात फायदा कोणाचा?’ हे शेवटी विचारा. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका: स्वार्थी माणूसही खरं बोलतो, निःस्वार्थीही चुकतो.

दुरुस्ती ग्रुपवर टाकू नका, माणसाला एकट्यात गाठा. चारचौघांत अडवलेला वडीलधारा दावा सोडत नाही.

आणि आवडत्या दाव्यालाही हेच प्रश्न लावा. ‘यंदा कापूस दहा हजारावर जाणार’ हे भाकीत आहे, आज ते तपासताच येत नाही. त्यावर माल अडवायचा की नाही, ते आपली उधारी बघून ठरवा.