पॅसिव्ह व्हॉइस करायचा? आधी कर्म शोधा

इंग्रजीतला पॅसिव्ह व्हॉइस, म्हणजे क्रिया कोणी केली याऐवजी ती कशावर घडली हे पुढे ठेवणारी वाक्यरचना, शिकायला बसलं की बहुतेकजण थेट तक्त्याकडे वळतात. या काळाला ‘इज’, त्या काळाला ‘वॉज’. तक्ता पाठ होतो, पण नवं वाक्य समोर आलं की गाडी अडते. माझं ठाम मत आहे की तक्ता नंतर, आधी कर्म, म्हणजे ऑब्जेक्ट, ओळखता आलं पाहिजे.

त्यासाठी क्रियापद धरा आणि त्याला ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ असं विचारा. ‘द टीचर चेक्ड द नोटबुक्स इन द मॉर्निंग.’ काय तपासलं? ‘द नोटबुक्स’. हे झालं कर्म. ‘इन द मॉर्निंग’ हे ‘कधी?’चं उत्तर आहे, त्याला हात लावायचा नाही. वाक्याच्या शेवटी येतं ते कर्म, असं धरून चाललात तर इथेच फसाल.

आणखी एक फसवं वाक्य पाहा: ‘शी बिकेम अ डॉक्टर.’ काय झाली? डॉक्टर. उत्तर मिळालं, तरी हे कर्म नाही. ती आणि डॉक्टर एकच व्यक्ती आहे. क्रिया दुसऱ्या कोणावर घडलेलीच नाही. याला पूरक म्हणतात आणि याचा पॅसिव्ह होत नाही.

काही वेळा उत्तरच मिळत नाही. ‘द बेबी स्लेप्ट.’ काय झोपलं, कोणाला झोपलं, या प्रश्नांना अर्थच नाही. क्रियापद अकर्मक आहे, तेव्हा इथेच थांबा. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्य याच कारणाने चूक आहे. ‘हॅपन’ला कर्म नसतं, म्हणून नुसतं ‘ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड’ म्हणायचं.

कर्म सापडलं की ते उचलून वाक्याच्या सुरुवातीला आणा. सर्वनाम असेल तर त्याचं रूप बदलतं: ‘हिम’चं ‘ही’, ‘देम’चं ‘दे’, ‘मी’चं ‘आय’.

मग क्रियापद. मूळ वाक्याच्या काळातलं ‘बी’चं रूप घ्या आणि त्यापुढे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप ठेवा. ‘द नोटबुक्स वेअर चेक्ड.’ ‘टीचर’ एकवचनी होता, पण आता वाक्य वह्यांचं आहे, म्हणून ‘वॉज’ नाही, ‘वेअर’. काळ बदलून पाहा: इज रिटन, वॉज रिटन, इज बीइंग रिटन, हॅज बीन रिटन, विल बी रिटन. ‘रिटन’ जागचं हललेलं नाही, सगळी हालचाल त्याच्या आधी आहे. एवढं डोळ्यांनी पाहिलंत की तक्त्याची भीती उरत नाही.

मूळ कर्ता ‘बाय’ लावून शेवटी जातो, पण दर वेळी तो हवाच असं नाही. ‘माय बाइक वॉज स्टोलन.’ कोणी चोरली ते माहीत नाही. उगाच ‘बाय समवन’ जोडू नका.

‘शी गेव्ह मी अ बुक’ या वाक्यात दोन कर्मं आहेत. काय दिलं? पुस्तक. कोणाला? मला. दोन्हींपैकी कोणतंही पुढे आणता येतं: ‘आय वॉज गिव्हन अ बुक’ किंवा ‘अ बुक वॉज गिव्हन टू मी’. बोलण्यात पहिलं जास्त सहज वाटतं.

मराठी माणसाला खास नडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. ‘त्याने दार उघडलं’, ‘त्याने खिडकी उघडली’. दोन्हींत कर्ता तोच, तरी क्रियापद कर्माप्रमाणे बदललं. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग. इंग्रजीत नेताना त्या ‘ने’ला ‘बाय’ समजून पॅसिव्ह करायचा मोह होतो. तसं करू नका. इथे ‘तो’ काय करतो हेच सांगायचं आहे, म्हणून सरळ ‘ही ओपन्ड द डोअर’. पॅसिव्ह हवा तो ‘दार उघडलं गेलं’ किंवा ‘दार उघडण्यात आलं’ या अर्थासाठी: ‘द डोअर वॉज ओपन्ड’.