डायलिसिस योजनेत करायचंय? मग या चुका टाळा

आप्पाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं डायलिसिस सुरू होऊन सात वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा पारोळ्याहून धुळे. सातशेच्या वर सिटिंग झाल्या असतील. त्यातल्या पहिल्या तीन सोडल्या तर बाकी सगळ्या महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत. त्या पहिल्या तिनांचं काय झालं ते सांगतोच, कारण तीच चूक मी दर महिन्याला कुणा ना कुणाला करताना बघतो.

गावात कुणाचं क्रिएटिनिन वाढून आलं, म्हणजे रक्ताच्या रिपोर्टात किडनी बिघडल्याचं दिसलं, की माणसं पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर येतात. पिशवीत सगळं असतं. सोनोग्राफी, तीन लॅबचे रिपोर्ट, अगदी चष्म्याचं जुनं बिलसुद्धा. फक्त रेशनकार्ड नसतं. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "कारड शे ना भो, घर शे!"

घर शे. आणि पेशंट दवाखान्यात शे.

"आधी उपचार सुरू करा, कागदाचं नंतर बघू"

हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. २०१८ चा ऑगस्ट. रात्री अकरा वाजता आप्पाला धाप लागली, आडवं झोपता येईना, पाय सुजून खांबासारखे. छातीत पाणी भरलेलं. गाडी करून शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "योजनेत करायचं का कॅश?" मी मास्तर, खिशात एटीएम कार्ड. भाऊ समोर तडफडतोय आणि हा रेशनकार्ड मागतोय, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कागदाचं नंतर बघू, आधी डॉक्टरला बोलाव.

त्यानं एक पॅड पुढे सरकवलं. सात-आठ कागद होते, मी सह्या करत गेलो. मानेत नळी टाकली, पहाटे पहिलं डायलिसिस झालं, दोन दिवसांत अजून दोन. पाचव्या दिवशी बिल साठ हजारांच्या पुढे. तेव्हा मी ऐटीत रेशनकार्ड काढलं. केशरी होतं, आप्पाचं नाव होतं, सगळं ठीक होतं. आरोग्यमित्रानं, म्हणजे योजनेचं काम बघायला दवाखान्यात बसणाऱ्या माणसानं, फाइल चाळली, एक पान उलटून माझ्यासमोर धरलं. "सर, ही सही तुमचीच ना?" वर छापलं होतं: योजनेची माहिती मिळाली असून आम्ही स्वखर्चाने उपचार घेत आहोत.

सही माझीच. झोकदार. हजेरीपटावर करतो तशी.

दवाखान्यानं सांगायला हवं होतं, हे खरं. पण वाचायला मला कुणी अडवलं होतं? मुद्दा एवढाच की ही योजना कॅशलेस आहे. पेशंटनं पैसे भरायचे आणि मग सरकारकडून परत घ्यायचे, अशी वाटच तिच्यात नाही. दवाखाना अप्रूव्हल मागतो, मंजुरी येते, पैसे थेट दवाखान्याला जातात. तुम्ही भरलेली पावती घेऊन मंत्रालयापर्यंत गेलात तरी ती पावतीच राहते.

आणि रात्रीच्या इमर्जन्सीची भीती घालू नका. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय योजनेतच आहे, कागद नंतर लावता येतात. फक्त "योजनेत" हा शब्द तुमच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत निघायला हवा. मी आता कुणाहीबरोबर गेलो की गाडीतून उतरतानाच म्हणतो, योजनेत करायचंय, आरोग्यमित्र कुठे बसतात? सही मागितली की चष्मा लावतो आणि अख्खा कागद वाचतो. मागे रांग चिडते. चिडू दे.

आईचं नाव नेमकं कुठल्या कार्डात?

शेजारच्या अमळनेर तालुक्यातलं घर. दोन भाऊ, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वाटणी झाली. शेत वाटलं, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, गोठ्यातली दावणसुद्धा मोजून वाटली. दोघांनी वेगवेगळी रेशनकार्डं काढली. आई एक महिना याच्याकडे, एक महिना त्याच्याकडे. दोन वर्षांनी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. मोठा म्हणतो आईचं नाव धाकट्याच्या कार्डात. धाकटा म्हणतो दादाच्या. आरोग्यमित्राच्या टेबलावर दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा म्हातारी कुठेच नव्हती. जुन्या कार्डातून नाव कमी झालं होतं आणि नव्यात कुणी चढवलंच नव्हतं.

मग तहसीलची पुरवठा शाखा. नाव कमी केल्याचा दाखला आणा, आधार आणा, अर्जावर सही कुणाची, साहेब दौऱ्यावर. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत तिचं डायलिसिस रोखीनं झालं. त्यासाठी धाकट्यानं गोऱ्हा विकला. मी तेव्हा बरोबर होतो. म्हातारी बाकावर बसून एकच विचारत होती, "मना नाव काबर काढं रे भाऊ?" दोघंही खाली बघत होते. तिचं नाव कुणी मुद्दाम काढलं नव्हतं, हे मला आजही खरं वाटतं. कुणी बघितलंच नव्हतं.

हे आज घडलं असतं तर एक दुसरी वाट होती. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आधारवरून केंद्राचं मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. पण तिथेही वय आधारवरचंच धरतात. आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म १ जूनचा, उरलेल्यांचा १ जानेवारीचा, आणि साल कॅम्पवाल्याच्या मनाला आलं ते. पंचाहत्तरीची आजी आधारवर सदुसष्टची निघते. ते पेशंट पडायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

माझी सवय सांगतो. दरवर्षी आखाजीला, घागर भरायच्या आधी, मी घरातली कागदांची पेटी उघडतो. रेशनकार्डावर कोण आहे, कोण नाही, सून आली तिचं नाव चढलं का, आधारवरचं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का. बायको म्हणते सणाच्या दिवशी काय हे तहसील मांडलंय. पण मग वर्षभर ओट्यावर येणाऱ्यांना बोलायचा हक्क राहतो.

नाव जुळण्याचं तर विचारूच नका. आधारवर बारशाचं नाव, रेशनकार्डावर हाक मारायचं. गावभर "बापू" म्हणतात म्हणून दुकानदारानंही कधीकाळी बापूच लिहिलं. कॉम्प्युटरला बापू कळत नाही.

"पांढरं कार्ड म्हणजे योजना नाही"

जुनी गोष्ट झाली. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा इथल्या १४ जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना आधीपासून योजना होती, खान्देशात नव्हती. म्हणून आपल्याकडे हे डोक्यात घट्ट बसलंय. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना योजना लागू आहे आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. तरी परवा एक जण पांढरं कार्ड कपाटात ठेवून डायलिसिससाठी सोनं गहाण टाकायला निघाला होता.

पाच लाखही नीट समजून घ्या. ते अख्ख्या कुटुंबाचे, वर्षाचे. बापाचं डायलिसिस चालू असताना पोराचं हृदयाचं ऑपरेशन निघालं तर दोघांचं त्याच पिशवीतून. शिल्लक किती उरली ते आरोग्यमित्राला दर दोन महिन्यांनी विचारा, आणि योजनेचं वर्ष जानेवारीलाच सुरू होतं असं धरून चालू नका.

बोर्ड बघून गाडी आत घालणं

दवाखान्याबाहेर योजनेचा बोर्ड आहे म्हणजे तिथे डायलिसिस योजनेत होतं असं नाही. दवाखाने आजाराच्या शाखेनुसार योजनेत घेतलेले असतात. हाडांच्या दवाखान्यावरही तोच बोर्ड असतो. १५५३८८ वर फोन करा, विचारा, मग गाडी काढा. जिल्हा रुग्णालयांतली डायलिसिस केंद्रंही विसरू नका. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात गरिबांना तिथे मोफत सोय आहे. "सरकारीत गर्दी असते" म्हणून नाक मुरडणारे बरेच जण चार महिने रोखीनं केल्यावर गुपचूप तिथेच येऊन उभे राहतात.

सुरत

नंदुरबार, नवापूर, शहाद्याच्या लोकांसाठी खास. तुम्हाला सुरत जवळ, नातेवाईक तिथे, गाडी थेट. पण रेशनकार्डावर मिळणारी फुले योजना ही महाराष्ट्र सरकारची. ते कार्ड दाखवून सुरतेत कुणी डायलिसिस करणार नाही. केंद्राच्या आयुष्मान भारत यादीत तुमचं कुटुंब असेल तर मात्र देशात कुठल्याही संलग्न दवाखान्यात चालतं. म्हणजे प्रश्न तुम्ही कुठल्या यादीत आहात हा आहे, आणि तो १४५५५ वर फोन करून सुटतो. रावेरकडचे बुऱ्हाणपूरला जातात, त्यांनाही हेच लागू. लग्नसराईत चार दिवस दुसऱ्या गावी जायचं असेल तरी आधी बोला. अप्रूव्हल त्या त्या दवाखान्याचं असतं, पेशंटबरोबर गाडीत बसून येत नाही.

अप्रूव्हल ठरावीक सिटिंगचंच मिळतं, संपलं की नवं. शनिवारी संपलं आणि सोमवारी सकाळी सात वाजता तुम्ही दारात, तर चूक आरोग्यमित्राची नाही. मी शंभर पानी वहीत प्रत्येक सिटिंगची तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन लिहितो आणि शेवटच्या दोन सिटिंग उरल्या की लाल पेननं गोल करतो. मोबाइलमध्ये अॅप आहे म्हणे. असेल.

मानेतल्या नळीवर वर्ष काढणं

फिस्टुला म्हणजे हातातली शीर आणि धमनी जोडायचं छोटं ऑपरेशन. तेही योजनेत होतं. तरी "ऑपरेशन नको, नळी बरी आहे" म्हणत लोक महिनोन्‌महिने काढतात, मग थंडी वाजून ताप येतो, नळीतून जंतू रक्तात जातात. फिस्टुला तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून आजच ठरवा. झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाइन नाही, पाण्याची कळशी नाही. आप्पा रोज सकाळी उठल्या उठल्या उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवतो. पिठाच्या चक्कीच्या भिंतीला हात लावल्यावर जशी थरथर लागते, तशी लागली पाहिजे. ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी चहा न पिता दवाखाना गाठायचा.

केळी? नाही. एकही नाही. केळीच्या पट्ट्यात राहतो म्हणून केळीतलं पोटॅशियम ओळख दाखवत नाही. ते थेट हृदय थांबवतं.

ओळखीचा माणूस

"माझ्या ओळखीचा एक आहे, दोन हजारात कार्ड करून देतो." आयुष्मान कार्ड फुकट आहे. आरोग्यमित्र फुकट आहे. तरी खान्देशी माणसाला फुकट मिळालेल्या गोष्टीवर विश्वास नाही, ओळखीनं झालेल्यावर आहे. तसंच आमदारांच्या पत्राचं. पोरं आधी पत्र आणायला धावतात, अख्खा दिवस घालवतात, पत्र लॅमिनेट करून आणतात. डायलिसिसचं मशीन पत्रावर चालत नाही, अप्रूव्हलवर चालतं. मुख्यमंत्री सहायता निधी ही योजनेत बसत नाही त्याची वाट आहे, बसतो त्यानं ती कशाला तुडवायची?

याच ओळखीच्या माणसाचा मोठा भाऊ किडनी "मिळवून देणारा" असतो. १९९४ च्या कायद्यानं किडनीची खरेदी-विक्री गुन्हा आहे, घेणाऱ्यालाही. नवरा-बायको, आई-बाप, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक देऊ शकतात. प्रत्यारोपणासाठी योजनेत साडेचार लाखांपर्यंतची मर्यादा आहे. पण नंतरच्या गोळ्या जन्मभर आहेत, तो हिशेब आधी घरात बसून करा.

शेवटची, क्षुल्लक वाटणारी

आधारला जोडलेला मोबाइल नंबर. कार्डाची ई-केवायसी करताना ओटीपी येतो तो त्या नंबरवर. आणि तो नंबर असतो सुरतेला लूमवर कामाला असलेल्या भाच्याचा, नाहीतर कधीच बंद पडलेला. मागच्या महिन्यात एका काकूंचा ओटीपी त्यांच्या मोडलेल्या सोयरिकीतल्या जावयाकडे जात होता. फोन करायला कुणी तयार होईना. शेवटी मी केला. त्यानं सहा आकडे सांगितले, काकूंची तब्येत विचारली आणि म्हणाला, मामींना सांगा, आता तरी हा नंबर बदलून घ्या.